शेवटच्या गाण्यांना अडखळणारी ऑडिओ सीडी: चूक कुठे असते आणि कोरी सीडी कशी निवडावी

"ताई, सीडी परत अडकाय लागलीया बघा. सातव्या अभंगापर्यंत ब्येस चालती, आठव्याला टिकटिक चालू हुती आणि दहावा तर लागतच न्हाई."

हरिपूरच्या भजनी मंडळाच्या बुवांचा हा फोन मला एका वर्षात तिसऱ्यांदा आला. आधीच्या दोन्ही वेळा मी तेच रेकॉर्डिंग नव्या सीडीवर राइट करून दिलं आणि विषय मिटला असं धरून चालले. तिसऱ्या वेळी मात्र हातातलं काम बाजूला ठेवलं. त्याच डब्यातल्या सीडी मिरजेच्या एका गाण्याच्या क्लासला, विश्रामबागेतल्या एका आजोबांना आणि माझ्या मावशीलाही गेल्या होत्या. चारही ठिकाणी डेक वेगळे, गाणी वेगळी, आणि तक्रार मात्र एकच: शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत आवाज तुटतो.

मी सांगलीत गावभागात राहते आणि जुन्या कॅसेटी, स्पूल, घरगुती बैठकींची रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून देते. पेन ड्राइव्ह आले, मोबाइल आले, तरी सीडी मागणारे लोक आहेत. मंदिरातल्या अँप्लिफायरला जोडलेला जुना डेक, दहा-बारा वर्षांपूर्वीची गाडी, किंवा एक बटण दाबलं की गाणं लागावं एवढीच अपेक्षा असलेली घरातली वडीलधारी माणसं. त्यांना "आता कोण सीडी ऐकतं" असं सांगून चालत नाही. त्यांची सीडी शेवटपर्यंत वाजली पाहिजे. त्यासाठी मी जे जे तपासलं ते इथे लिहिते आहे. शेवटची गाणी अडखळणं, तीन-चार महिन्यांनी खरखर सुरू होणं, एका डेकमध्ये चालून दुसऱ्यात "नो डिस्क" येणं, यातलं काहीही तुमच्याकडे वारंवार होत असेल तर याच क्रमाने जा.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

दुकानातून विकत घेतलेली, कारखान्यात छापलेली एखादी सीडी त्याच डेकमध्ये घाला आणि सरळ शेवटचं गाणं लावा. सीडी ६५-७० मिनिटांची असेल तर उत्तम. तीही शेवटी अडखळली तर डेकची लेन्स किंवा ती सरकवणारी यंत्रणा थकली आहे. लेन्स साफ करून घ्या, कोऱ्या सीडीला दोष देऊ नका. बुवांच्या डेकमध्ये छापील सीडी शेवटपर्यंत गुळगुळीत चालली.

पण एवढ्यावर डेक निर्दोष ठरत नाही. छापील सीडीवरून लेझरचा प्रकाश भरपूर परत येतो. राइट केलेल्या सीडी-आरकडून नियमाप्रमाणे किमान ६५ टक्के परत यावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूकडून तर जेमतेम १५ ते २५ टक्के. म्हणजे लेझर म्हातारा झालेला डेक छापील सीडी वाचेल, सीडी-आरवर धापा टाकेल आणि आरडब्ल्यू ओळखणारच नाही. म्हणून तक्रारीची सीडी आणखी दोन वेगळ्या डेकवर लावून बघा. दोन्हीकडे त्याच जागी तुटली तर दोष सीडीत आहे.

काही गोष्टी इथेच हातासरशी निकालात काढा. कोणी एमपी३ फाइली तशाच डेटा म्हणून टाकल्या असतील तर जुना डेक त्या वाजवणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये "ऑडिओ सीडी" हाच प्रकार निवडलेला हवा. सीडी फायनलाइज केलेली, म्हणजे शेवटी बंद केलेली, नसेल तर ती कॉम्प्युटरवर दिसते, डेकमध्ये नाही. आरडब्ल्यू वापरली असेल तर ती बाजूला ठेवा. आणि ९० मिनिटांच्या सीडी मिळाल्या तरी घेऊ नका. ७४ आणि ८० मिनिटांपर्यंतचं गणित ठीक असतं. त्यापुढे, लेझर जिच्यावरून लिहीत-वाचत जातो ती गोल गोल फिरणारी खाच इतकी दाटीने आखावी लागते की ती नियमाच्या बाहेर जाते, आणि नेमके जुने डेकच तिथे हार मानतात.

टिक कुठे येते त्याकडेही कान द्या. प्रत्येक ट्रॅकच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी, दर वेळी तिथेच येत असेल तर सीडीचा काही संबंध नाही. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात आणि एका भागात डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूचे ५८८ नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं. ७५ गुणिले ५८८ म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. तुम्ही एक सलग बैठक मधोमध कापून दोन ट्रॅक केले आणि काप बरोबर त्या भागाच्या कडेवर पडला नाही, तर सॉफ्टवेअर उरलेली जागा शांततेने भरतं. चालू सुरात एक क्षणाची ती शांतता टिक म्हणून ऐकू येते. अशा वेळी काप भागाच्या कडेवर घ्या, राइट करताना "डिस्क ॲट वन्स", म्हणजे सगळी सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय, निवडा आणि दोन ट्रॅकमधलं दोन सेकंदांचं अंतर शून्य करा. मूळ फाइलमध्येच टिक नाही ना, हे हेडफोन लावून त्या जागी एकदा ऐकून घ्या. कॅसेटवरून उतरवलेल्या आवाजात ती पुष्कळदा असते.

हे सगळं करून बुवांच्या सीडीला टिक राहिलीच, तीही आठव्या अभंगाच्या मध्येच कुठेतरी सुरू होऊन पुढे वाढत जाणारी. मग कोऱ्या सीडीकडे वळले.

शेवटचीच गाणी का?

ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. सीडी आतून बाहेर. पहिलं गाणं मधल्या भोकाजवळ असतं, शेवटचं काठाजवळ. ७२ मिनिटांच्या रेकॉर्डिंगचे शेवटचे दोन-तीन अभंग म्हणजे सीडीचा बाहेरचा काठ.

काठ हाच कोऱ्या सीडीचा सगळ्यात अवघड भाग. सीडी-आरमध्ये १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर डायचा, म्हणजे रंगद्रव्याचा, पातळ थर असतो. सीडी गरगर फिरवून हा थर मधून बाहेर पसरवतात. काम स्वस्तात उरकलं असेल तर काठाकडे थर कमीजास्त होतो. प्लॅस्टिक जरासं वाकडं असेल तर ते डोलणंही काठावरच जास्त जाणवतं. त्यात आपण सॉफ्टवेअरमध्ये "४८ एक्स", म्हणजे वाजण्याच्या वेगाच्या ४८ पट, निवडलेलं असतं. हा ४८ एक्स सुरुवातीपासून नसतो. रायटर आत वीस-बावीसच्या आसपास सुरू करतो आणि बाहेर जाता जाता वेग वाढवत नेतो. म्हणजे थर सगळ्यात कच्चा जिथे, सीडी सगळ्यात जास्त डोलते जिथे, तिथेच लेझरला सगळ्यात कमी वेळ मिळतो. अडखळणं शेवटी येतं ते यामुळे.

"पण त्याच सीडीवर फोटो टाकले तर नीट उघडतात की" असं मला अनेकांनी विचारलं आहे. उघडणारच. ऑडिओ सीडीच्या प्रत्येक भागात २,३५२ बाइट सगळेच्या सगळे गाण्याला दिलेले असतात. डेटा सीडीत त्याच जागेतले २,०४८ बाइटच माहितीचे, आणि उरलेल्यातला बराचसा हिस्सा चूक दुरुस्त करण्याच्या आणखी एका थराला जातो. गाण्याला तो वरचा आधार नसतो. खालची दुरुस्ती थकली की डेक शेजारच्या नमुन्यांवरून मधला आवाज अंदाजाने भरतो. अंदाज जमला तर कानाला कळत नाही, चुका सलग आल्या की टिक येते किंवा आवाज क्षणभर गायब होतो. म्हणून डेटासाठी चाललेला डबा गाण्यांसाठी चालेलच असं नाही.

डब्यावरचं नाव आणि आतली सीडी

माझी खरी चूक इथे होती. मी गेली कित्येक वर्षं एकाच नावाचा पन्नासचा डबा घेत होते. डबा तोच, रंग तोच, दुकानदारही तोच. आत मात्र दुसऱ्या कारखान्याची सीडी यायला लागली होती आणि मला पत्ता नव्हता.

प्रत्येक कोऱ्या सीडीच्या आतल्या कडेला, राइट करायच्या आधीपासून, एक कोड कोरलेला असतो. त्याला एटिप म्हणतात. तो मिनिट-सेकंद-फ्रेम अशा वेळेच्या रूपात दिसतो (फ्रेम म्हणजे वर सांगितलेला सेकंदाचा ७५ वा भाग). इमगबर्न हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून कोरी सीडी ड्राइव्हमध्ये घातली की उजव्या बाजूच्या माहितीत तो येतो. लिनक्स वापरणाऱ्यांना सीडीरेकॉर्डला एटिप विचारून तेच मिळतं. उदाहरणार्थ, ९७ मिनिट २४ सेकंद ० किंवा १ फ्रेम म्हणजे जपानची तायो युडेन. ९७-१५ वर १७ म्हणजे रायटेक, ९७-२६ वर ६६ म्हणजे सीएमसी, आणि ९७-१७ ने सुरू होणारा कोड आपल्याकडच्या मोझर बेअरचा. शेवटचा आकडाही बोलतो: ० ते ४ असेल तर सायनिन किंवा ॲझो जातीचा डाय, ५ ते ९ असेल तर थॅलोसायनिन.

माझ्या जुन्या डब्यातल्या, नीट चालणाऱ्या सीडी आणि नव्या, अडखळणाऱ्या सीडी शेजारी शेजारी घालून पाहिल्या. नाव एक, कोड दोन. मला त्या दिवशी राग आला, कारण पुठ्ठ्यावर कुठेही "माल बदलला आहे" असं लिहिलेलं नव्हतं. पण बाजाराकडे पाहिलं की हे असं होणारच होतं हे कळतं. सीडी-आरचा बाजार आटला तसे जुने भरवशाचे कारखाने एकेक करून बाहेर पडले. तायो युडेनने २०१५ च्या अखेरीस हे उत्पादनच सोडलं. मोझर बेअर, जिच्या सीडी एके काळी सांगलीच्या प्रत्येक कॅसेटच्या दुकानात मिळायच्या, ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन २०१८ मध्ये अवसायनात निघाली. व्हर्बेटिमचा व्यवसाय मित्सुबिशी केमिकलकडून तैवानच्या सीएमसीकडे गेला तो २०१९ मध्ये. जुन्या नावाची पुण्याई अजून डब्यावर आहे, पण त्या नावामागचा कारखाना तोच असेल असं धरू नये.

कोडवरही आंधळा विश्वास नको. तो साच्याची ओळख सांगतो. त्या दिवशी त्या पाळीत डायचा थर कसा बसला हे तो सांगत नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: एखादी सीडी तुमच्या रायटरवर आणि तुमच्या डेकवर चांगली चालली की तिचा कोड वहीत लिहून ठेवा. पुढचा डबा घेताना तोच कोड निघाला तर निम्मं काम झालं.

डायच्या तीन जातींबद्दल थोडक्यात. सायनिन निळसर हिरवा दिसतो, लेझरची ताकद थोडी पुढेमागे झाली तरी सांभाळून घेतो आणि जुन्या डेकना तो मानवतो, पण उन्हाला नाजूक. थॅलोसायनिन जवळजवळ बिनरंगी, फिकट पोपटी. उजेडात जास्त टिकतो, पण रायटरकडून नेमकी ताकद मागतो. ॲझो गडद निळा, टिकाऊ. आता बाजारात बहुतेक थॅलोसायनिनच हाती येतो. रंग पाहून जात ओळखता येते असं म्हणतात, पण काही कारखाने प्लॅस्टिकलाच रंग देतात, तेव्हा डोळ्यांपेक्षा कोड बरा.

"म्युझिक" किंवा "डिजिटल ऑडिओ" असं छापलेल्या सीडी जास्त पैसे देऊन घेणारे लोक मला भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून स्पष्ट सांगते: त्या सीडी घरी टीव्हीशेजारी ठेवायच्या स्वतंत्र सीडी रेकॉर्डरसाठी असतात. तसली यंत्रं हा शिक्का नसलेली सीडी घेतच नाहीत. अमेरिकेसारख्या देशांत त्यांच्या किमतीत कलाकारांसाठीची आकारणीही धरलेली असते. कॉम्प्युटरच्या रायटरला या शिक्क्याचं काही देणंघेणं नाही आणि आवाजात त्याने काडीचा फरक पडत नाही. आणि "हजार वर्षं टिकणाऱ्या" एम-डिस्कबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ती डीव्हीडी आणि ब्लू-रेमध्ये येते, सीडीमध्ये नाही.

दुकानात काय करायचं

एकदम पन्नासचा डबा उचलू नका. आधी त्याच डब्यातल्या चार-पाच सुट्या मागा. हरभट रोडवरच्या ज्या दुकानात मी जाते तिथे पूर्वी "सुट्या देत न्हाई" म्हणायचे. मी एक सीडी ट्यूबलाइटखाली धरून दाखवली आणि कारण सांगितलं, तेव्हापासून ते स्वतःच माझ्यासाठी एक डबा उघडा ठेवतात.

ट्यूबलाइटखाली बघायचं ते हे. सीडी डोळ्यांसमोर आडवी धरून उजेडाकडे बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर चमकत्या थरात भोकं आहेत, ती नको. मग राइट करायची बाजू वर करून हळूहळू फिरवा. काठाजवळ रंगात ओघळ, लाट किंवा धुरकट पट्टा दिसला तर तीही नको. वरच्या बाजूचं वार्निश काठापर्यंत पोहोचलं आहे का ते नखाने नाही, नजरेने तपासा. टेबलाच्या काचेवर ठेवून एका बाजूला हलकं दाबून पाहिलं आणि दुसरी बाजू उचलली गेली तर ती वाकडी आहे.

डबा दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात ठेवलेला असेल तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. कोऱ्या सीडीचंही वय होतं. दहा-पंधरा वर्षं माळ्यावर पडलेला "जुना ओरिजिनल माल" म्हणून कोणी देऊ करतं तेव्हा मोह होतो, मलाही होतो. घ्याच, पण मंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी घेण्याआधी खाली दिलेल्या चाचणीतून काढा.

राइट करताना

वेग १६ एक्स. आधी हेच सांगून टाकते, कारण यावर वाद फार होतात. जितकं हळू तितकं चांगलं हे पंचवीस वर्षांपूर्वीच्या सीडींना लागू होतं. आताच्या सीडीचा डाय वेगवान राइटसाठी बनवलेला असतो आणि आताचा रायटरही अगदी कमी वेगाला नीट जुळवलेला नसतो. मी अडखळणाऱ्या डब्यातल्या सीडी ४८, २४, १६ आणि ८ एक्सवर राइट करून पाहिल्या. ४८ वर टिक आठव्या अभंगात सुरू झाली, २४ वर दहाव्यात, १६ वर अकराव्यात एक-दोनदा, आणि ८ वर ती परत नवव्यात आली. तुमच्या जोडीला १२ किंवा २४ मानवत असेल, पण सुरुवात १६ पासून करा. पूर्ण भरलेली ८० मिनिटांची सीडी १६ एक्सला पाच-सहा मिनिटांत होते. तेवढा चहा होऊ द्या.

रायटरही बघा. लॅपटॉपला यूएसबीने जोडायच्या पातळ ड्राइव्हला वीज कमी पडली की लेझर कमजोर लिहितो. हब काढून थेट लॅपटॉपच्या तोंडाला लावा. जमलं तर जुन्या डेस्कटॉपमधला पूर्ण आकाराचा ड्राइव्ह सांभाळून ठेवा, गाण्यांसाठी मी तोच वापरते. आणि एक समजून घ्या: रायटरच्या पोटात ओळखीच्या कोडांची यादी असते, त्या त्या सीडीवर लेझर कसा चालवायचा याच्या सूचनांसकट. यादीत नसलेली सीडी आली तर तो आतल्या कडेला थोडं लिहून अंदाज घेतो आणि सरधोपट पद्धतीने पुढे जातो. म्हणून माझ्याकडे वाईट ठरलेली सीडी तुमच्या रायटरवर चांगली निघू शकते आणि उलटही. कोणी "अमुक नावाची घ्या, डोळे झाकून" असं सांगितलं तर त्यांचा रायटर कोणता ते विचारा.

तानपुऱ्याची चाचणी

चुका मोजणारी सॉफ्टवेअर आहेत. नीरो डिस्कस्पीडसारख्या प्रोग्रॅममध्ये सी१ आणि सी२ अशा दोन जातींच्या चुकांचा आलेख निघतो. सी१ म्हणजे सहज दुरुस्त झालेल्या. त्या सेकंदाला २२० पर्यंत नियमात बसतात, पण चांगल्या सीडीवर सरासरी एक-दोनच असते. सी२ म्हणजे पहिल्या टप्प्यात दुरुस्त न झालेल्या, त्या शून्यच हव्यात. आलेख शेवटी उभा चढत गेला की तुमच्या शेवटच्या गाण्यांचं भवितव्य समोर दिसतं. अडचण एवढीच की बरेच ड्राइव्ह हे आकडे देतच नाहीत. जुने लाइटऑन आणि प्लेक्स्टर ड्राइव्ह देतात, मिळाला तर सोडू नका.

ज्यांच्याकडे असा ड्राइव्ह नाही त्यांच्यासाठी मला मिरजेने एक उत्तर दिलं. गाण्याच्या क्लासला रियाजासाठी तासाभराचा तानपुरा हवा होता. मिरजेतच बनलेला, जवारी छान उघडलेला तानपुरा आम्ही खोली बंद करून रेकॉर्ड केला: पंचम, जोड, खर्ज, आणि मागे दुसरं काही नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कशासाठी, हे अशा वेळी खोलीत बसलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. ते रेकॉर्डिंग अडखळणाऱ्या डब्यातल्या सीडीवर टाकलं. भजनाच्या टाळ-पखवाजात लपून गेलेली प्रत्येक टिक त्या सलग नादात टाचणीसारखी टोचली. बुवांच्या सीडीत मला अकरा टिका मोजता आल्या होत्या. त्याच डब्यातल्या, त्याच वेगाने राइट केलेल्या तानपुऱ्याच्या सीडीत चाळीसच्या पुढे गेल्यावर मी मोजणं सोडलं.

तेव्हापासून नव्या डब्यातली पहिली सीडी मी तानपुऱ्यासाठीच खर्च करते. ७८-७९ मिनिटांचा सलग तानपुरा, काठापर्यंत भरलेला. घरातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात कुरकुरणाऱ्या डेकवर शेवटची वीस मिनिटं ऐकते. पंचमची तार छेडल्यानंतर नाद खाली उतरत असताना लक्ष द्यायचं, टिक तिथे लपत नाही. नंतर तीच सीडी कॉम्प्युटरवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीने सिक्युअर पद्धतीत परत उतरवते. नीट राइट झालेली सीडी हे सॉफ्टवेअर सरळ वाचत जातं. कच्च्या जागी ते तेच तेच पुन्हा वाचू लागतं, ड्राइव्हचा घुमणारा आवाज एकदम खाली येतो, थांबतो, पुन्हा चढतो. दुसऱ्या खोलीत असले तरी त्या आवाजावरून मला कळतं. शेवटी दोनदा वाचून आलेले तपासणीचे कोड एकसारखे निघाले की तो डबा माझ्यासाठी पास.

टिकाऊपणासाठी आणखी एक घरगुती परीक्षा आहे. राइट केलेली एक सीडी अर्धी जाड कागदाने झाकायची आणि राइटची बाजू उन्हाकडे करून खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवायची. मग परत वाचायची. उघडा अर्धा भाग वाचताना ड्राइव्ह दमू लागला तर त्या डायवर ऊन किती लवकर उठतं ते कळतं.

तीन-चार महिन्यांनी खरखर सुरू होत असेल तर

ही वेगळी तक्रार आहे आणि बहुतेक वेळा ती ठेवण्यातून येते. लोक राइटची बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. उलट करायला हवं. खालून १.२ मिलिमीटरचं प्लॅस्टिक राखण करतं. वरून चांदीच्या थरावर फक्त वार्निशची पापुद्रा आहे. तिथे बॉलपेनने नाव लिहिलं की त्या अक्षरांखालचं गाणं गेलं. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा पेन घ्या आणि जमल्यास मधल्या पारदर्शक गोलावरच लिहा. चिकटवायचे कागदी लेबल तर अजिबात नको. ते एका बाजूने जड झालं तरी सीडी डोलते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा भिजून फुगलेली लेबलं निघताना चांदीचा थर सोबत घेऊन निघाली. लेबल नसलेल्या सीडी मी स्वच्छ पाण्यात धुऊन, न पुसता सावलीत उभ्या वाळवल्या, त्यातल्या बऱ्याच वाचल्या.

तासगाव भागातल्यांसाठी खास: बेदाण्याच्या शेडमध्ये डेक आणि सीडी ठेवू नका. बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीतला सल्फर डायऑक्साइड दमट हवेबरोबर सीडीत शिरला की चांदी काळवंडते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या सीडीबद्दलही वेगळं सांगायला नको. गाडीसाठी नेहमी दुसरी प्रत करा, पहिली घरात, डबीत, उभी, अंधारात. आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर, तीही दोन ठिकाणी. सीडी ऐकायला असते, एकमेव प्रत म्हणून नव्हे.

आणि जुनी सीडीच मरायला टेकली असेल तर

हरिपूरच्या मंडळाकडे नव्या रेकॉर्डिंगबरोबर २००६ ची एक सीडीही होती. बुवांच्या गुरुजींचा आवाज, दुसरी प्रत कुठेच नाही. ती माझ्या मुख्य ड्राइव्हवर दहाव्या अभंगापाशी अडकून बसायची. अशा वेळी आधी मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल कधीही नाही. गोल चरा खाचेच्या दिशेनेच जातो आणि चूक दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचा होतो. खाचेच्या लांबीत अडीच मिलिमीटरच्या आतला डाग ती सांभाळून घेते. मग वाचण्याचा वेग ४ किंवा ८ एक्सवर आणा आणि हाताशी असतील तेवढ्या वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रयत्न करा. प्रत्येक ड्राइव्हची लेन्स वेगळी, नजर वेगळी. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. सगळी सीडी एकाच ड्राइव्हवरून निघाली पाहिजे असंही नाही, ट्रॅक वेगवेगळ्यांवरून गोळा करा.

तो दहावा अभंग तिसऱ्या ड्राइव्हवर निघाला, एका जुन्या डेस्कटॉपमधून, चार एक्सला, पाऊण तास झगडून. पुढच्या गुरुवारी मंडळात नव्या सीडीवर तो लावला तेव्हा बुवा डेकला हात लावून उभे होते, अडकला तर थांबवायला. अभंग संपला, अकरावा सुरू झाला, तेव्हा त्यांनी हात काढला आणि टाळ उचलले.